मंदाच्या नावावर लागलेले शेअर

अंजूर,
१२ सप्टेंबर १९९४

सौ. मंदा हिस,
पंढरीनाथ बाळाराम तरे याचेकडून. पत्र लिहिण्यास कारण की, 'शीतधारा एअरकंडिशनिंग लिमिटेड' नावाच्या नव्या कंपनीने मार्च महिन्यात शेअर काढले होते. मानकोलीच्या जमिनीचे जे पैसे आले, त्यातून मी घरातल्या सगळ्यांच्या नावाने अर्ज भरले. नावं जास्त तर लागायची आशा जास्त, असं दलालाचं म्हणणं पडलं. एक नाव कमी पडत होतं, म्हणून तुझ्या वहिनीने, शेवंताने, तुला पडघ्याच्या बाजारात गाठून एका अर्जावर सही घेतली होती. आठवत असेल.

सोडतीत घरातल्या कोणालाच काही लागलं नाही. पाचशे शेअर लागले ते फक्त तुझ्या नावावर. चाळीसला घेतलेल्या शेअरचा भाव आज एकशेतीस आहे आणि याच महिन्यात विकून मोकळं व्हावं असा विचार आहे. सोबत ट्रान्सफरचा फॉर्म जोडला आहे. पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही करावी. सही जुन्याच नावाने, 'मंदा बाळाराम तरे' अशी करावी, कारण अर्जावर तशीच आहे. तिकीट लावलेलं पाकीट आत आहे. पैसे माझे असल्यामुळे बाकी तुझा काही संबंध येत नाही, हे समजेलच.

आई बरी आहे. येण्याची तसदी घेऊ नये.

पंढरीनाथ


पडघा,
१८ सप्टेंबर १९९४

ती. दादास,
मंदाचा सप्रेम जयभीम आणि सा. न. वि. वि.

पाकीट फोडलं तर मला वाटलं वकिलाची नोटीसच आली! सख्ख्या बहिणीला 'हिस' आणि 'याचेकडून'? अरे, अंजूरहून रिक्षा आणि पुढे एस.टी., एवढाच काय तो रस्ता. त्याला माझ्या लग्नानंतर पाच वर्षांनी पोस्टाचं तिकीट लागलं, तेही सहीपुरतं. पण देवाची कमाल बघ हं. घरातल्या सगळ्यांना डावलून, जिला तू घरातून डावललीस तिलाच शेअर लागले! मी हसत सुटले तर हे आतून बघायला आले की हिला झालं काय.

सही करीन, दादा. तुझे पैसे मला नकोत, एक रुपयाही नको. पण सही टपालाने व्हायची नाही. तू इथे यायचं, माझ्या घरी बसून जेवायचं, माझ्या सासूबाईंच्या हातचं. मग तू हात धुतलेस की मी फॉर्म काढते, लगेच सही देते.

तीन वर्षांपूर्वी भिवंडीच्या रजिस्ट्रार ऑफिसात मी जमिनीवरचा हक्क सोडला. काही मागितलं का मी? सगळ्यांना चहा आला, मला सोडून. मला पेनसुद्धा तू कारकुनाच्या हाताने दिलंस, आणि काम होताच पाठ फिरवलीस. त्या दिवशी घरी येऊन मी ढसाढसा रडले. चांगदेव बौद्ध आणि आपण आगरी, एवढाच ना माझा गुन्हा? वीज मंडळात इमानाने नोकरी करणारा, आईला जपणारा माणूस आहे तो. त्याच्या घरचं पाणीसुद्धा तू अजून प्यायला नाहीस.

सुकट घालून केलेलं वांगं आणि तांदळाची भाकरी तुला अजून आवडते ना? सासूबाई फार चांगलं करतात. माझ्यापेक्षाही चांगलं, पण हे त्यांना सांगू नकोस.

वहिनीला आणि मुलांना माझी आठवण सांग. राग धरायचा तर धर, पण माया सोडू नकोस.

तुझी,
मंदा


अंजूर,
२ ऑक्टोबर १९९४

मंदास, आशीर्वाद.

तुझी जीभ अजून तशीच आहे. आज भाव एकशे अठरा. तुझ्या हट्टापायी सहा हजार रुपये पंधरा दिवसांत हवेत गेले, आणि हवाही गार नाही.

एवढ्या कंपन्या सोडून मी हीच का धरली, असा प्रश्न काकांनी केला. गेल्या वर्षी जमिनीचा व्यवहार झाला तेव्हा ऐन मे महिना होता. बाहेर डांबर वितळत होतं आणि जमीन घेणाऱ्या गोदामवाल्या शेठच्या केबिनमध्ये मला शाल मागावीशी वाटली. मी तिथेच ठरवलं की उद्याचा धंदा हाच. भिवंडीतल्या एकेका लूमवाल्याने आपल्या केबिनला एकेक मशीन बसवलं तरी कंपनीला पुरे. माझं गणित चुकलेलं नाही. तूच आडवी आलीस.

तू म्हणतेस ते मला जमणार नाही. मी गावकीत पंच म्हणून बसतो. उद्या चार माणसांनी तोंडावर विचारलं तर काय सांगू? शेवंताला फॉर्म न्यायला पाठवतो, ती जेवेल हवं तर. अर्धे पैसे तुझे, असंही लिहून देतो. याहून जास्त काय करू? एवढं ऐक.

पंढरीनाथ


अंजूर,
९ ऑक्टोबर १९९४

चि. मंदास आईचा आशीर्वाद.

मी बोलतय, शेवंता लिवते. पंढरी ओट्यावर पेपरान भाव बघत बसलाय, त्याला म्हाईत न्हाय.

पोरी, सही करू नको. बरा ऐकलास ना? अजिबात करू नको. पैसं गेलं तं गेलं. जमीन गेली तवा कोन उपाशी मेला? पन माझा पोर बहिणीचे घरान जेवाला गेला पायजे. मी तरी काय करतय, बाजाराचे नावान येतय आनि भाजीवालीचे बाजूला उभी राहून तुला बघतय. ही काय लेकीला भेटाची रीत झाली?

आनि एक सांगतय. नाव कमी पडला म्हनून तुझा घातला, असा त्यानी लिवलाय ना? खोटा बोलतो. काकाचे सुनेचा नाव होता, शेजारचे रामूचा होता. तरी तोच शेवंताला बोलला का, जा, मंदाची सही आन, आपले घरान तिचाच नशीब बरा हाय. मी माझे कानान ऐकला. तोंडान येत न्हाय त्याचे, बापावर गेलाय. पन पोटान हाय.

जावयाला आशीर्वाद सांग. जिवाला जप.

तुझी आई

(ताई, हे लिहिताना मला हसू येतंय आणि भीतीही वाटते आहे. हे पत्र चुलीत घाला. शेवंता.)


पडघा,
१५ जानेवारी १९९५

ती. दादास सा. न. वि. वि.

गेल्या गुरुवारी तू पडघ्याला आला होतास. स्टँडसमोरच्या दुकानात थंडा प्यायलास आणि परतीच्या गाडीत बसलास. ह्यांनी तुला पाहिलं. हाक मारणार होते, पण म्हणाले की नको, ओढून आणल्यासारखं होईल. मला कळलं तसं मी घर डोक्यावर घेतलं. हाकेच्या अंतरावर माझा भाऊ येतो आणि माघारी जातो म्हणजे काय!

माझ्या सासूबाई सहसा माझ्या माहेराबद्दल बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या. म्हणाल्या की मंदा, जेवायला बोलावतात ते मायेने, तू तर भावाच्या गळ्यात सहीचा दोर बांधून त्याला ओढते आहेस. असा आलेला माणूस माझ्या ताटावर बसला तरी माझा घास त्याच्या घशाखाली उतरायचा नाही. आणि मला असं जेवू घालायचं नाही. त्याचं त्याला देऊन टाक.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. पण खरं ते खरं.

फॉर्म सही करून सोबत पाठवला आहे. भाव पंच्याहत्तरवर आला म्हणतात. लवकर विक. माझी आता काही अट नाही. तुझं नुकसान झालं त्याचं मला वाईट वाटतं, मनापासून वाटतं. तू आलास तर आनंदच आहे. नाही आलास तरी भाऊबीजेला मी तुझ्या नावाने दिवा लावते, तो लावीनच.

जशी आहे तशी तुझीच,
मंदा


अंजूर,
५ फेब्रुवारी १९९५

चि. सौ. मंदास अनेक आशीर्वाद वि. वि.

फॉर्म मिळाला. दलालाने निरोप धाडला की आजच द्या, उद्या आणखी पडेल. मी फॉर्म खिशात घालून निघालो, कल्याणपर्यंत गेलो आणि परत आलो. विकले नाहीत.

तुझी सही बघितली आणि रजिस्ट्रार ऑफिस डोळ्यांपुढे आलं. तेव्हाही तुझी सही घेतली आणि चालता झालो होतो. परत तेच करायला जीव धजेना. शरम वाटली मला, मंदा. चहाचं मला त्या वेळीही कळलं होतं. कळून गप्प बसलो.

पण तुझ्याकडे यायला अजून पाय उचलत नाही, हेही लिहितो. स्टँडवर उतरल्यावर गावातला कोण कोण दिसतो तेच आधी बघत बसलो. अशा माणसाने येऊन काय करायचं? तुझ्या सासूबाई बोलल्या ते बरोबर आहे. त्यांना माझा नमस्कार सांग. चांगदेवरावांनाही.

थंडी आहे, पोरांना जप.

तुझा दादा


अंजूर,
२१ जानेवारी १९९६

सौ. मंदाताईंस शेवंताचा नमस्कार वि. वि.

'शीतधारा'चं आटोपलं. दिवाळीत भाव सहा रुपये होता, आता शेअर कोणी घेतच नाही. कंपनीच्या ऑफिसला कुलूप आहे आणि मशीन म्हणे नमुन्यापुरतीच बनली होती. जाहिरातीत ती गारठून शाल पांघरलेली बाई होती ना, तिची शाल तेवढी खरी निघाली.

मला धास्ती होती की हे आता घरात आदळआपट करतील. तसं काही झालं नाही. कोणाला बोल लावला नाही, तुम्हाला तर मुळीच नाही. काका म्हणाले की मंदाने वेळेवर सही दिली असती तर आज पैसे हातात असते. तर हे एकदम उसळले. म्हणाले की सही वर्षापूर्वीच आली होती, मीच विकले नाहीत, मंदाचं नाव पुन्हा घ्यायचं नाही. काका उठून गेले.

ताई, माणूस घुसमटतोय. परवा मला विचारत होते की मंदाच्या घरात खोल्या किती, पोरं कोणत्या शाळेत जातात, म्हातारी कडक आहे का. मी म्हटलं, जाऊन बघा की! तर म्हणाले, आता कोणत्या तोंडाने जाऊ, आता तर कामही उरलं नाही. मी म्हटलं, बरं झालं, आता तरी बिनकामाचे जा.

मुलांना गोड पापा. आमची ओढ तुम्हाला आहे तशीच राहू द्या.

आपली,
शेवंता


पडघा,
१७ मार्च १९९६

ती. आईस सा. न. वि. वि.

आई गं, दादा आला! काल दुपारी दार वाजलं, मी पोरगं समजून ओरडतच दार उघडलं, तर दारात हा. हातात ओली पिशवी, तीत खाडीची कोळंबी. म्हणाला, जेवायला आलोय, वेळ चुकली असेल तर बसतो. मी तशीच उभी. सासूबाईंनीच आतून विचारलं की पाहुण्याला दारात उभं करून ठेवणार आहेस का.

त्यांनी आमचंच जेवण वाढलं, कोळंबी रात्रीला ठेवली. डाळ, भात, सुकटीची चटणी. दादाचा पहिला घास हातात तसाच राहिला होता. मी बघत नव्हते असं दाखवत होते, पण बघत होते. मग तो जेवू लागला. तेवढ्यात लाइट गेले, पंखा थांबला, दादाला घामाच्या धारा लागल्या. सासूबाई जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेऊन शेजारी बसल्या आणि त्याचं जेवण होईपर्यंत वारा घालत राहिल्या. तो दोनदा नको म्हणाला. त्या म्हणाल्या की तुम्ही जेवा, बोलू नका. डाळ त्याने मागून घेतली, आई. स्वतः मागून घेतली!

ह्यांनी कंपनीचं विचारलं, तर म्हणाला, गार झाली. सगळे हसलो. अंजूरहून निघताना त्याने गावकीत सांगूनच टाकलं होतं, मी बहिणीकडे जेवायला चाललोय, कोणाला पंचाची जागा हवी असेल तर खुशाल घ्या. हे त्याने जाता जाता सांगितलं, बसच्या वेळेसारखं.

पण पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. निघताना तो सासूबाईंच्या पाया पडला आणि म्हणाला की चैत्रात आमच्या गावदेवीची जत्रा आहे, तुम्ही सगळ्यांनी अंजूरला जेवायला यायचं. सासूबाईंनी हो म्हटलं नाही. तो गेल्यावर त्या आत जाऊन डोळे पुसत बसल्या. मग मला म्हणाल्या की आधी तुझ्या आईला विचार. भावाने बोलावलं, पण चूल आईची आहे. तिच्या मनात नसताना मी तिच्या घरात पाय ठेवणार नाही.

म्हणून विचारते, आई. दादाला तू इथे धाडलंस, पण हे तुझ्या घरात यायचं आहे. मनात नसेल तर तसं सांग, मी रागावणार नाही. रागावेन, पण समजून घेईन.

उत्तराची वाट बघते. तुझी माया आहे तशी असू दे.

तुझी,
मंदा


अंजूर,
२३ मार्च १९९६

चि. मंदास आईचा आशीर्वाद.

शेवंता लिवते. तुझा पत्र तिनी दोनदा वाचून दाखवला. पंढरीला जा जा बोलत व्हतय, पन आपले चुलीपाशी कोन बसल याचा मी कधी इचारच केला नव्हता. इहिणीनी बरोबर इचारला. बाई शानी हाय.

जत्रेला सगली या. पोरांना घेऊन आदले दिवशी या. गावान कोन काय बोलल त्याचा मी बघतय. मांडवाचे पंगतीन इहिणीला बसवाची न्हाय, मांडवान वाढपी घाईघाईन वाढतात. तिला मी आतमंदी, माझे बाजूला पाट मांडीन.

माझा पोर जेवत व्हता तवर ती वारा घालत बसली. हात दुखला असल तिचा. तिला सांग, हितं यवाचा आनि नुसता बसाचा. मी वाढनार हाय.

वाट बघतय.

तुझी आई