समाजशास्त्राला किती मेंढ्या?

बारामती, ता. ८ मार्च १९९७

ती. सोनबामामांस,
सुकन्याचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण, तुमच्या भाचीने शहाण्यासारखं वागायचं सोडून दिलं आहे. बी.ए. झाल्यावर पुण्याला समाजशास्त्रात एम.ए. करीन म्हणते. वरकुट्याला घरी अप्पांना सांगितलं, तर त्यांनी विचारलं की समाज हितं घरबसल्या दिसतोय, तो बघाया पुण्याला कशापायी जायाचं? मग म्हणाले, सोनबाला ईचार, खर्च किती अन् पुढं पगार किती.

एक गोष्ट माझ्या बाजूने धरा. गावातल्या एकतीस मेंढपाळ घरांचा मी केलेला सर्व्हे कॉलेजच्या मॅडमनी वर्गात वाचून दाखवला. त्यांच्या मते मी याच कामासाठी जन्मले आहे. मलाही तसंच वाटतं, हे लाजत लाजत लिहिते. मामींना नमस्कार, छकुलीला पापा.

भाचीवरची माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
सुकन्या

वालचंदनगर, ता. १४ मार्च १९९७

चि. सुकन्यास,
सोनबामामाचे अ. आ. वि. वि.

कामगारांची हजेरी लिहिणाऱ्या कारकुनाला तुमच्या घरी अर्थमंत्री समजतात, हे तुझ्या मामीला वाचून दाखवलं. ती जेवताना दोनदा हसली. तरी कामाला लागलो. फी, खोली, खानावळ, पुस्तकं आणि एस.टी. धरून दोन वर्षांचे बावीस हजार. इथवर सोपं होतं. पगारासाठी मात्र कॉलनीभर हिंडलो. एक म्हणाला, प्राध्यापकाला पाच हजारांच्या वर मिळतात. दुसरा म्हणाला, आधी परीक्षा, मग जागेची वाट, तोवर तासांवर शिकवायचं आणि पैसे मिळतील तेव्हा मिळतील. तिसऱ्याला ते समाजकल्याण खातं वाटलं. त्याने बायकोला शिलाई मशीन मिळेल का विचारलं.

हिशोब म्हणतो, बी.एड. कर. मीही जन्मभर बिनधोक तेच निवडलं, आणि वीस वर्षं दुसरे कधी आले नि कधी गेले ते लिहीत बसलोय. म्हणून दाजींना, तुझ्या अप्पांना, फक्त खर्च कळवला, पगाराची जागा कोरी ठेवली. भित्र्या माणसाचं धाडस एवढंच.

अभ्यास कर, आणि मामाला हसून झालं की आठवणही काढ.
तुझा,
सोनबामामा

बारामती, ता. ६ एप्रिल १९९७

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पैशांची सोय झाली आणि माझं दिवाळं निघालं. तुमचा आकडा कळताच अप्पांनी पंचवीस मेंढ्या विकल्या. माझ्या सर्व्हेत आमच्या घरच्या मेंढ्या चाळीस, अप्पांनीच सांगितलेल्या. म्हणजे राहिल्या पंधरा. होळीला जीव मुठीत धरून घरी गेले, तर मेंढ्यांभोवतीचं जाळीचं कुंपण गच्च भरलेलं! आईला विचारलं, तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

मेंढरांचा खरा आकडा आपल्यात कुणी उच्चारत नाही. बोललेलं घटतं म्हणतात. हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक आहे, पण हातात छापील फॉर्म आला आणि धनगराची लेक धनगराला विसरली. एकतीसही घरांनी मला असंच कमी सांगितलं असणार, आणि मी सर्व्हेखाली निष्कर्ष ठोकून दिला की हा धंदा संपत आला! घरच्या मेंढ्या जिला कळत नाहीत, तिला समाज काय कळणार? मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, आता कुठे तुझा अभ्यास सुरू झाला. मला ते नुसतं सांत्वन वाटलं. अप्पांचे पैसे परत द्यायचे आहेत. बी.एड.चा फॉर्म आणून ठेवा. मामा, फार लाज वाटते.

रागावा, पण परकं करू नका.
तुमची,
सुकन्या

वालचंदनगर, ता. १५ एप्रिल १९९७

चि. सुकन्यास,
अ. आ. वि. वि.

रविवारी वरकुट्याला जाऊन आलो. दाजींना तुझं पत्र वाचून दाखवलं आणि बी.एड.चे फायदे सांगायला घसा खाकरला. दाजींनी मला हाताने गप्प केलं. म्हणाले, पोरीनं खोटं लिवलं न्हाय, आमी खोटं सांगितलं. मग मला कागद काढायला लावला आणि भर अंगणात, शेजारच्या सारजाकाकू ऐकत असताना, मोठ्याने सांगितलं की पंचवीस इकून एकशे बारा हायती. तुझी आई दृष्टीच्या मीठ-मोहऱ्या आणायला आत पळाली. माझंही पेन थांबलं. कारखान्यात नोकरी करतो, पण भीती अजून मेंढपाळाचीच आहे. दाजी माझ्यावर ओरडले की लिव सोनबा, मेंढरं घटली तर घटू द्या, माझी पोर घटाया नको.

आकडा सोबतच्या कागदावर आहे. मॅडमना दे. पैसे परत घ्यायला दाजी तयार नाहीत, आणि जूनमध्ये तुला पुण्याला सोडायला ते स्वतः येणार आहेत.

सगळ्यांचा जीव तुझ्यात आहे, तो सांभाळ.
तुझा,
सोनबामामा