उजवीकडचा श्रीनिवास

१९ जाने., सोम.
पेपरात आठवडा झाला. फोटोग्राफर म्हणून ओळखपत्र मिळालं, त्यावरचा फोटो मात्र घाण. शुक्रवार पेठेत जिच्या बापाचा फोटो स्टुडिओ, तिचाच फोटो असा. संपादक साहेबांना यापुढे सं. लिहीन, हात दुखतो.
सं. म्हणाले, "लग्नाचे फोटो काढायची सवय सोड. तुझ्या फोटोत सगळे हसतायत." खड्ड्याच्या फोटोत मागं एक आजोबा हसत उभे होते, त्याला मी काय करू? अप्पांच्या स्टुडिओत सात वर्षं 'मान सरळ, हनुवटी खाली, थोडं हसा' म्हणत काढली. ते आठवड्यात जातंय होय.

२२ जाने., गुरु.
गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यांचा फोटो छापून आला. पान चार. खाली माझं नाव, बारीक, पण आहे. अप्पांनी कापून दुकानाच्या काचेला लावला. पासपोर्ट फोटोला येईल त्याला सांगतात, "आमच्या मुलीनं काढलाय." अव्वानं, आमच्या आईनं, विचारलं, "पाळण्यात बसलीस तरी का?" नाही. वेळच नव्हता.

२७ जाने., मंगळ.
टॉवेलच्या एका कारखान्यात शॉक लागून कामगार गेला. मी पोचेपर्यंत त्याला सिव्हिलला नेलेलं. माग बंद, खाली एक चप्पल. ती काढली. दुसरी कुठं होती कुणास ठाऊक.
मग सं.चा फोन, "घरी जा आणि चेहरा आण. हयातीतला, चांगला." ही रीत मला माहीत नव्हती. माणूस गेला की त्याच्या घरी जायचं, भिंतीवरची फ्रेम नाहीतर आधार कार्ड मागायचं, मोबाईलवर त्याचा फोटो काढून आणायचा. घरचे रडत असले तरी. रडतच असणार ना.
कुंभारी. कामगारांची घरं, सगळी सारखीच. आवाजावरून घर सापडलं. श्रीनिवास नाव. चोवीस. माझ्याच वयाचा. घरी आई आणि थोरला भाऊ व्यंकटेश, तोही त्याच कारखान्यात. वडील नाहीत. आई विड्या वळते. ती जमिनीवर आडवी, शेजारणी तिला धरून. तिला काही विचारायची माझी छातीच झाली नाही. एका शेजारणीनं भिंतीवरची फ्रेम काढून दिली. कुणाच्या तरी लग्नात दोघं भाऊ, सारखे निळे शर्ट, सारखी मिशी, सारखा भांग. "ह्यो. उजवीकडचा."
काचेवर ट्यूबची चमक येऊ नये म्हणून फ्रेम तिरकी धरली. तेवढी अक्कल होती. बाहेर येऊन अख्खा फोटो ऑफिसला पाठवला, खाली लिहिलं, 'उजवीकडचा श्रीनिवास'. आणि किक मारली. लवकर निघायचं होतं तिथनं.

२८ जाने., बुध.
सकाळी ऑफिसच्या वॉचमनचा फोन. "मॅडम, पेपरात मेलेला माणूस पायरीवर बसलाय."
व्यंकटेश. हातात पेपरची घडी. मला वाटलं मारेल. ओरडलासुद्धा नाही. घडी उघडून बोट ठेवलं. "मॅडम, ह्यो मी हाय."
पानं लावतात ते गुरवकाका. त्यांचा वर्षानुवर्षांचा नियम, फोटोतला चेहरा बातमीकडं बघायला पाहिजे, पानाच्या बाहेर नाही. हे दोघं भाऊ बाहेर बघत होते. म्हणून काकांनी फोटो आरशातल्यासारखा उलटवला, मग माझी ओळ वाचली आणि उजवीकडचा कापून लावला. उलटवल्यावर उजवीकडं थोरला आला होता. नाव धाकट्याचं, चेहरा थोरल्याचा.
सं.नी काकांना आणि मला उभं केलं. "कुणाची चूक?" काका म्हणाले, माझी. मी गप्प.
गप्प का बसले? फक्त त्याचा चेहरा कापून पाठवायला एक मिनिट लागलं असतं. अप्पांच्या दुकानात चार वर्षांच्या पोराचासुद्धा फोटो मी न कापता देत नाही. एक मिनिट. तेवढं मी वाचवलं आणि वर तोंडही उघडलं नाही. लाज वाटते.

२९ जाने., गुरु.
पान दोनवर दुरुस्ती. तीन ओळी. 'अनवधानाने'. फोटो नाही.
काकांना आठवडाभर घरी बसवलंय.

३० जाने., शुक्र.
कुंभारीला गेले. कुणी पाठवलं नव्हतं. माफी मागावी म्हणून. काय बोलायचं ते गाडीवर पाठ करत गेले, दारात विसरले.
आई भिंतीला टेकून बसलेली. मला वाटलं ओळखणार नाही. ओळखलं. "फोटोवाली न्हवं तू?" तेलुगू घर. ती धाकट्याला चिन्नोडू म्हणते, थोरल्याला पेद्दोडू. मी पाया पडायला वाकले तर म्हणाली, "पाया पडून काय करू गं. पेपरात माझ्या चिन्नोडूचं तोंड कुटं हाय?"
तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर मी ते गुळगुळीत करीन. "लोकं भेटायला येतात. पेद्दोडूला बघून दचकतात. अगं बया, हा जित्ता हाय म्हणतात. तेवढ्यावरच बोलणं होतं, मग च्या पिऊन जातात. चिन्नोडूसाठी कोण रडंना गेलंय. त्याचं तोंड छाप. अकराव्याच्या आत छाप. मग लोकं रडतील."
हो म्हणाले. हो म्हणणारी मी कोण? अडीच आठवड्यांची फोटोग्राफर.
व्यंकटेश मागच्या खोलीत होता. बाहेर आला नाही.

३१ जाने., शनि.
सं.ना विचारलं. "दुरुस्ती छापली ना? आता फोटो छापणं म्हणजे आपणच आपली चूक परत दवंडी पिटून सांगणं." मी म्हणाले, साहेब, आई मागतेय. ते म्हणाले, "आई सगळ्यांनाच असते गं." तोडून नाही म्हणाले. थकून म्हणाले. त्याचा जास्त राग आला.

२ फेब्रु., सोम.
आज सं.ना सांगितलं की चूक माझी होती. कापून पाठवायला हवा होता. काकांचा दोष निम्मासुद्धा नाही. ते चष्मा काढून बघत राहिले. "मग आता काय करू? हार घालू?" पण काकांना परत बोलावलं.
काका आल्या आल्या माझ्या टेबलाशी. "पोरी, कशाला बोललीस? माझी चारच वर्षं राहिलीत. तुझी सुरुवात हाय." मला रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन रडले, नळ सोडून.
फोटोचं परत विचारलं. परत नाही. अकरावा शुक्रवारी.

४ फेब्रु., बुध.
कुंभारी. आईला सांगावं लागलं की अजून जमलं नाही. तिनं मान हलवली. विड्यांचं सूप मांडीवर, पण हात चालत नव्हते. "अजून दोन दिवस हायत की," म्हणाली.
निघाले तर व्यंकटेश गाडीपर्यंत आला. पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलला.
"मॅडम, छापू नका त्याचा."
का म्हणून विचारलं.
"त्या दिवशी पाळी माझी होती. मी झोपलो होतो. उठवायला आला तर म्हणालो, झोप येतीय, आज तू जा की. गेला. लई साधा होता, म्हणंल तिकडं जायचा." मग गाडीच्या आरशाकडं बघत म्हणाला, "पेपरानं बरोबर माणूस छापलाय. तुमी कशाला बदलताय."
मी म्हणाले असं नसतं. काय असं नसतं? मला तरी कुठं माहिती. अम्माला माहीत आहे का विचारलं. म्हणाला, "न्हाई. तुमी सांगू नका." नाही सांगणार म्हणाले. मग तो परत घरात गेला आणि मी उगाच पाच मिनिटं गाडीपाशी उभी.
घरी येऊनही डोक्यातून जात नाही. दुसऱ्या कुणाचा फोटो चुकून छापला गेला असता तर ती नुसती चूक राहिली असती. त्याला ती शिक्षा वाटली. आणि ती मी दिली.

५ फेब्रु., गुरु.
शेवटचं विचारलं. सं. म्हणाले, श्रद्धांजलीची जाहिरात द्यायला सांग. तिथनं उठून आले. बोलले असते तर नोकरी गेली असती.
अप्पांना सगळं सांगितलं, व्यंकटेशचं सोडून. त्यांनी दुकान लवकर बंद केलं आणि माझ्या मोबाईलमधल्या फोटोवरून धाकट्याचा मोठा फोटो करायला बसले. खांद्यावर थोरल्याचा हात होता. फक्त बोटं दिसत होती. अप्पांनी पुसायला माऊस नेला. मी म्हणाले, राहू दे. "फोटो स्वच्छ दिसणार नाही, यव्वा." लाडानं मला यव्वा म्हणतात. राहू दे म्हणाले ना. राहू दिला. रागानं बोलले अप्पांशी, वाईट वाटलं नंतर.

६ फेब्रु., शुक्र.
अकरावा. फ्रेम घेऊन गेले. आईनं दोन्ही हातांनी घेतली, पदरानं काच पुसली, पाटावर ठेवली. आलेल्यांना एकेकाला जवळ बोलावून दाखवली. "ह्यो बघा. ह्यो गेलाय." आणि लोक रडले. खरंच रडले. एक म्हातारी तर कपाळ बडवून घ्यायला लागली, तिला बायकांनी आवरलं. आईला पेपर हवा होता, मिळाली फ्रेम, पण तिनं निभावून नेलं.
व्यंकटेशनं विधी केला. सगळं भटजी सांगतील तसं. फ्रेमकडं बघितलं नाही. जेवायला पंगत बसली तेव्हा तो दिसला नाही. मला वाटलं वाढायला आत असेल.
बरं वाटत घरी आले. खोटं कशाला लिहू, वाटलं होतं.

९ फेब्रु., सोम.
शेजारणीचा फोन. व्यंकटेश शुक्रवारपासून घरी नाही. मोबाईल उशाशी ठेवून गेलाय. कारखान्यात नाही, नातेवाइकांकडं नाही. कुणी म्हणतं मोडनिंबला हायवेवर चालताना दिसला, कुणी म्हणतं नाही, दुसराच कोण. चौकीवर तक्रार दिली.
शुक्रवारी मी त्या घरात होते. मला एकटीला माहीत होतं त्याच्या मनात काय आहे. वचन पाळलं म्हणे मी. हे असलं वचन पाळतात का कुणी?

१० फेब्रु., मंगळ.
सं.ना कळलं. स्वतः माझ्या टेबलापाशी आले. "मृताचा भाऊ बेपत्ता. आता बातमी आहे. फोटो घे, पान तीनवर मोठा लावू." धाकट्याचा बोटभर फोटो मी मागत होते, तो छापला नाही. हे त्यांना बोलून दाखवलं. ते हळूच माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून गेले. म्हणजे त्यांनाही वाटतं काहीतरी.
दुपारी कुंभारी. लग्नातली ती जुनी फ्रेम परत भिंतीवरून काढली. पाटावरच्या नव्या फ्रेमला वाळलेला हार तसाच. आईला आज सगळं सांगितलं, पाळी, झोप, सगळं. सांगताना तिच्याकडं बघायची छाती झाली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "मला माहीत हाय गं. चिन्नोडूनं उठवलं तवा मी जागीच होते की. पेद्दोडूला मीच म्हणायला पाहिजे होतं, तुझी पाळी हाय, तू जा."
लग्नातली फ्रेम तिच्या मांडीवर ठेवली. म्हणाले, "अम्मा, बोट ठेवा. कुणाचा छापायचा ते."
बोट आधी धाकट्यावर गेलं. तिथंच थांबलं. मग सरकवत थोरल्यावर आणलं.
"ह्यो. ह्याला आण."
मी तिथंच जमिनीवर बसून त्याचा एकट्याचा चेहरा कापला, तिला दोनदा दाखवला, आणि पाठवला. सहा वाजेपर्यंत थांबले. ती दाराकडं तोंड करून बसली होती, मीही.