जागेवरून हलू नका

५ मे

दिग्रसला येऊन तीन दिवस झाले आणि आज नोकरी लागली. चौसष्टाव्या वर्षी! नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढल्यावर सगळ्या नातलगांचं एकच पालुपद होतं, आता आराम कर. भावाचं इथलं घर रिकामं होतं, ते सांभाळायला म्हणून आले. दोन दिवस आराम केला. तिसऱ्या दिवशी भिंतीशी भांडण व्हायची वेळ आली, तेव्हा कोपऱ्यावरची पाटी वाचून सरळ आत शिरले. ‘स्पष्ट बोलणारी व्यक्ती पाहिजे.’ माझ्याइतकं स्पष्ट या तालुक्यात कोण बोलणार?

घरोघर माल पोचवणारी मोठी कंपनी आहे. नाव इथे लिहीत नाही, करारात मनाई आहे. (मी करार वाचते. तिथल्या कोणीही तो वाचलेला नाही.) कापसाच्या जुन्या जिनिंगची शेड भाड्याने घेतली आहे. अजून कुठे कुठे पत्र्याला सरकीचा भुरका चिकटलेला दिसतो. पहाटे गोण्या येतात, मुली त्या फोडून पार्सलं स्कॅन करतात आणि माणसं ती मोटारसायकलवर लादून नेतात. प्रमुख संघदीप हा पस्तिशीचा गृहस्थ. दर तीन शब्दांमागे एक ‘मॅडम’.

माझं काम ग्राहकांना फोन करण्याचं. डांबरी सोडून गावात, तांड्यात गाडी घालायची नाही हा कंपनीचा नियम, कारण त्यात सहा मिनिटं जातात. ग्राहकानेच फोन घेऊन फाट्यावर यायचं. पडद्यावर त्याचा एक निळा ठिपका दिसतो. तो जागचा हलला की मशीन त्याचं पार्सल रांगेत सगळ्यात मागे टाकतं.

वाचायला दिलेला मजकूर म्हणजे मराठीवरचा अत्याचार होता. ‘कृपया आपण रोडपर्यंत आगमन करावे जी.’ मी तो खोडला आणि खाली लिहिलं: फाट्यावर या. उभे राहा. जागेवरून हलू नका. माणूस येतोय.

कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी बारा वर्षं मला ‘प्लीज’ म्हणायला शिकवलं होतं. ती मेहनत आज एका दुपारीत पाण्यात घातली आणि मजा आली.

८ मे

माझी चार वाक्यं गाजली. पूनमसिंग म्हणून एक गाडीवाला आहे, तांड्यावरचा, तोंडाने फटकळ, म्हणून मला आवडला. सगळ्यांसमोर म्हणाला, “बाई, तुमचा फोन गेला का मानूस माह्या गाडीच्या पयले फाट्यावर! आमची बायको तर इतकी ऐकत नाही.” त्याची बायको बबिता तिथेच स्कॅन करत होती. तिने मशीनचा लाल उजेड त्याच्या डोळ्यांवर मारला आणि विचारलं, की बायको कोणती, घरची का फाट्यावरची?

बबिताला नववा महिना लागायचा आहे आणि ती दहा तास उभी असते. बसलं की मशीनला कळतं, पडदा लाल होतो आणि नागपूरहून संदेश येतो. मी संघदीपला विचारलं की ही शेड आहे का शिक्षेचा तास. त्याने वर बोट दाखवलं. वर पत्रा होता.

नागपूरच्या ऑफिसला माझा आवाज फार आवडला म्हणे. उद्या रेकॉर्डिंग आहे.

९ मे

केबिनमध्ये बसवून साडेतीन तास वाचायला लावलं. चार वाक्यं ठीक. मग गावांची नावं, माणसांची नावं. मग सुटे शब्द: अजून, थोडं, बघू, नका. मग म्हणे नुसता श्वास घ्या. मग हसा. मी म्हटलं, हसण्याजोगं काही सांगा तर हसेन. तेही रेकॉर्ड झालं.

कागदावर सही केली. हा एकच कागद मी वाचला नाही. चष्मा टेबलावर राहिला होता आणि घसा सुकला होता.

१३ मे

आता फोन मशीन करतं, माझ्या आवाजात. मला परत आलेल्या मालाच्या टेबलावर बसवलं आहे. बसवलं म्हणजे उभं केलं आहे.

स्टुलासाठी दोन दिवस भांडले आणि काल बबिताला स्टूल मिळवून दिलं. ती अकरा मिनिटं बसली. मग तिच्या फोनवर माझा आवाज आला आणि ती उठली. मी समोर उभी होते, माझं तोंड बंद होतं. सगळे हसले. मीही हसले. काय करणार?

संध्याकाळी दुकानात तेल मागितलं तर बाकावर बसलेला एक म्हातारा ताडकन उठून उभा राहिला. त्याला बसा म्हटलं तर बसेना. मी बाहेर पडले, वळून पाहिलं, तो उभाच होता. 

१६ मे

उकंडा नावाचे एक गृहस्थ आर्णी रस्त्यावरच्या फाट्यावर वारले. वय सत्तर. गुडघ्याचं तेल मागवलं होतं.

अकरा वाजता फाट्यावर आले, चार वाजता पडले. पाऱ्याने पंचेचाळीस ओलांडले होते. कडुनिंबाची सावली दहा पावलांवर होती. चहावाल्याने तीनदा हाक मारली, हात धरून ओढलं. त्याला ते म्हणाले, “बाईनं हलू नको म्हटलं ना. मंग?”

त्यांचं तेल दिग्रसला आलंच नव्हतं. ते चुकून वणीला गेलं होतं.

हे सगळं पूनमसिंगने सांगितलं. आज त्याने एकही विनोद केला नाही. सांगून झाल्यावर तो माझ्याकडे न बघता गाडीला किक मारून गेला.

पडद्यावर उकंडांच्या नावापुढे अजून लिहिलेलं आहे: ग्राहक जागेवर उपस्थित.

१७ मे

संघदीपला खुर्चीतून उठवलं आणि कालचं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. नियमाप्रमाणे फोन एकदाच जातो. उकंडांना चौदा गेले होते.

पहिला फोन माझ्या चार वाक्यांचा होता. दुसराही तोच. सहाव्या फोनपासून ती वाक्यं बदलत गेली. जी वाक्यं मी लिहिली नाहीत, वाचली नाहीत, उभ्या जन्मात कोणाला म्हटली नाहीत, ती माझ्या आवाजात, माझ्याच ठसक्यात. मी ‘नका’ म्हणताना थोडी थांबते, तशीच थांबत होती ती.

‘उकंडा, सावलीकडे बघू नका.’

‘उकंडा, गुडघा वाकला. मला दिसलं.’

शेवटच्या फोनवर शब्द नाहीत. नुसता श्वास आहे आणि मग हसणं.

संघदीप म्हणाला की मशीन आपोआप शिकत जातं, मॅडम. मी विचारलं, कोणाकडून?

१९ मे

तुळसाबाई. पुसद रस्त्याचा फाटा. हिने तर काही मागवलंच नव्हतं! फोन आला म्हणून शेतातून उठून गेली.

पूनमसिंगने तिला उचलून मोटारसायकलवर घातलं. गुडघे वाकेनात, म्हणून आडवी धरून आणली. जगली आहे. मी दवाखान्यात गेले. काय म्हणणार होते देव जाणे, माफी मागायची होती बहुतेक. मी ‘तुळसाबाई’ एवढंच म्हटलं. ती सलाईनसकट खाटेवरून उतरली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. डोळे मिटलेले.

नर्सने मला बाहेर काढलं. बरोबर केलं.

आता बोलणार नाही. कोणाशीच. लिहिते.

२१ मे

दोन दिवस मुकी आहे. चिठ्ठ्या लिहून काम चालवते. लोकांना वाटतं घसा बसला.

आज बबिताचा शेवटचा दिवस, उद्यापासून बाळंतपणाची रजा. (बिनपगारी. यावर दुसरी वही लागेल.) जाताना तिने पडदा दाखवला. पाळण्याची दोरी आणि बाळाची दुपटी मागवली आहेत. तांड्याच्या फाट्यावर, २५ तारखेला, दुपारी बारा.

मी चिठ्ठी लिहिली: रद्द कर. ती म्हणाली, केलं होतं बाई. पण रद्द करायचं तर फोन येतो, तो उचलावा लागतो. फोनवर तुम्हीच होतात. तुम्ही म्हणालात, “नको करू, बबिता.” मग म्या नाही केलं.

लिहिलं: ती मी नाही.

तिने वाचलं. हसली. “आवाज तर तुमचाच हाय.”

लिहिलं: फोन बंद ठेव. तिने मान हलवली. दिवस भरत आले, पूनमसिंग दिवसभर बाहेर, फोन बंद ठेवून चालेल कसं?

२३ मे

संघदीपने नागपूरला तक्रार केली. शेवटी केली. पलीकडे फोन मी उचलला. म्हणजे तिने.

त्याने स्पीकर लावून मला ऐकवलं. गोड बोलत होती. काम उत्तम चाललंय म्हणे. मग त्याचं नाव घेतलं आणि उभे राहा म्हणाली.

सकाळी दहापासून उभा आहे पडद्यासमोर. सात वाजले. मी त्याच्यापुढे पाण्याचा पेला धरला. त्याची नजर पेल्यावर आली, हात आला नाही.

मुली माझ्याकडे बघून कुजबुजतात. त्यांना वाटतं हे मी करते. चूक म्हणता येत नाही. ते चार वाक्यांचं शहाणपण माझंच —

२५ मे, सकाळी

आजपासून नवतपा, उन्हाळ्याचे सगळ्यात कडक नऊ दिवस. सात वाजताच अंगणातली फरशी पायाला चटका देते.

पूनमसिंगला पुसदला पाठवलं आहे, दिवसभरासाठी. त्याच्या जागी कोणी नाही. म्हणजे तांड्याच्या फाट्यावर आज गाडी जाणारच नाही. तरी पडद्यावर बबिताचं नाव आहे. बारा वाजता.

तिचा फोन लागत नाही. व्यस्त. अर्ध्या तासापासून व्यस्त.

ऑटो मिळाली. निघते.

२५ मे, दुपारी एक

उभी आहे ती. भर उन्हात, पोटावर एक हात, कानाला फोन. तिची सासू मानीबाई लुगड्याचा पदर तिच्या डोक्यावर धरून रडते आहे. “काहून ऐकत नाही व माय, चाल ना घरी.” बबिताचे ओठ पांढरे पडलेत. घाम येणं थांबलं आहे. मला एवढं कळतं.

सहा दिवसांनी तोंड उघडलं. बबिता, घरी जा, म्हणून ओरडले. एक्स्चेंजमध्ये तीस जणींना गप्प करायचे त्या आवाजात.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे. दोन्हीकडे मीच. एक पाऊल उचललं. फोन म्हणाला, नका. मधे तेवढंच थांबून. पाऊल खाली आलं.

फोन हिसकावून मैलाच्या दगडावर ठेवला. ती चार पावलं चालली. दगडावरून हाक आली, बबिता, श्वास ऐकू येत नाही. ती परत फिरली —

मशीनला ठिपका हवा. आणि श्वास.

मी उचलला.

एक वीस

गेली. मानीबाईने आणि ऑटोवाल्याने तिला घातलं आत. सरकारी दवाखान्याकडे. ऑटो दिसेनाशी होईपर्यंत मी फोनमध्ये श्वास घेत होते, जोरात. फोनमधल्या तिला वाटत होतं बबिताच आहे. 

वाचेल. वेळेत गेली. वाचेल.

आता टाकते फोन.

एक चाळीस

टाकला नाही.

ती म्हणाली, मैत्रेयी. या नावाने मला आता कोणी हाक मारत नाही.

म्हणाली, बबिता गेली ते दिसलं मला. हरकत नाही. जागा भरलेली आहे.

आवाज चांगला आहे. हे लिहायला हवं. शब्द स्पष्ट, कुठे अडखळणं नाही. ऐकावंसंच वाटतं —

दोन?

कडुनिंब आहे. सावलीही. बघत नाही.

गुडघा दुखतो. वाकवला नाही.

वही डाव्या मनगटावर ठेवून लिहिते आहे, तेवढं चालतंय, अजून काही म्हणाली नाही — ऑटो परत येईल — मानीबाई पाठवेल कोणाला तरी —

हात

म्हणते, वही बंद करा. लिहिताना हात हलतो. म्हणते, हलू न