टेकडीवरच्या बंगल्याची आणि साहेबांच्या कात्र्यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, निवृत्त शिक्षिका आणि माजी अर्थमंत्र्यांची विधवा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहून ठेवते. शुद्धीचा दाखला देताना डॉक्टरांनी मला सध्याचे पंतप्रधान कोण, असे विचारले. मी म्हटले, सकाळपासून रेडिओ लावलेला नाही. त्यांनी लगेच शिक्का मारला. दबाव म्हणाल, तर तो आणायला माझा मुलगा दोनदा आला आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत गेला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तसा कागद कोणी दाखवलाच, तर तो मुलाच्या कचेरीत तयार झाला असे समजावे.

कलम पहिले, घर. टेकडीवरचा बंगला माझ्या एकटीच्या मालकीचा आहे. निवडणुकीच्या अर्जात दिसू नये म्हणून माझ्या पतीने, म्हणजे साहेबांनी, तो माझ्या नावावर केला. त्यांच्या कारकिर्दीत पूर्ण अंमलबजावणी झालेला, माझ्या माहितीतला, हा एकच निर्णय.

हा बंगला मी माझ्या भाचीला, धाकट्या भावाच्या मुलीला देते. ती सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. तिने येथे प्रसूतिगृह चालवावे, एवढीच अट. गावाच्या प्रसूतिगृहाची कोनशिला साहेबांनी दर निवडणुकीत नव्या जागी बसवली. कोनशिला आता भरपूर झाल्या आहेत, पण बायका अजून पत्र्याच्या शेडमध्येच बाळंत होतात.

पक्षाला येथे साहेबांचे स्मारक हवे आहे. मुलगा म्हणाला, "आई, स्मारकाने गावात रोजगार येईल."

"कोणाला?"

"सुरुवातीला तिकीटवाल्याला."

भाचीलाच का, हे लिहिणे भाग आहे. साहेब जन्मतः साहेब नव्हते. ते आणि माझा भाऊ सरकारी कापडगिरणीत एकाच खात्यात होते. मोठा संप झाला तेव्हा साहेब पुढारी होते आणि त्यांच्याकडे सदरा एकच होता. तो वाळेपर्यंत ते माझी शाल पांघरून सभेच्या मुद्द्यांची उजळणी करत. संप जिंकला. भावाने त्यांना खांद्यावर घेऊन फाटकापासून चौकापर्यंत मिरवले. तेव्हाचा तो माणूस खरा होता, असे मी आजही म्हणते. नाहीतर मी त्याच्याशी लग्न केले नसते.

पुढे ते निवडून आले, मंत्री झाले, आणि नेमकी देशाची तिजोरी रिकामी झाली. कर्ज देणारे पाहुणे आमच्याकडे जेवायला आले. एकाने पाणी मागितले. नळ नुसता फुसफुसला. पाहुण्याने त्याची नोंद घेतली, आणि वर्षभरात पाणीपुरवठाही खासगी कंपनीकडे गेला. त्या जेवणानंतर, ताटे उचलायच्या आधीच, साहेबांनी गिरणी विकण्याच्या कागदावर सही केली. टीव्हीवर म्हणाले, औषध कडू आहे, पण देशाला घ्यावेच लागेल. स्वतःची औषधे ते परदेशातून मागवत.

दुसऱ्या सकाळी भाऊ आला. चपला न काढता दारातच उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"भावोजी, गिरणी विकलीत. आता आम्ही सोमवारी जायचं कुठे, तेवढं सांगा."

साहेबांनी त्याला समजावले, की बाजार सगळ्यांना सामावून घेतो, थोडा धीर धर. भाऊ निघून गेला. त्याने सायकल दुरुस्तीचे दुकान टाकले. बाजाराने त्याला खरोखरच सामावून घेतले, मटणाच्या दुकानामागे, गटारावर टाकलेल्या फरशीवर. त्यानंतर तो टेकडी चढला नाही. मी दुकानात जाई. तो स्टूल पुसून द्यायचा आणि पंक्चर काढत बसायचा. मी घरी परतले की साहेब वर्तमानपत्राआडून विचारत, काय म्हणाला. मी सांगे, काही नाही. शेवटच्या आजारात त्यांनी त्याला बोलावणे धाडले. तो आला नाही. मला राग आला, पण कोणाचा ते आजतागायत ठरवता आलेले नाही.

कलम दुसरे. उद्घाटनाच्या चांदीच्या कात्र्या, कपाटभर. भाचीने पाहून सांगितले की यांनी बँडेजसुद्धा कापले जाणार नाही. बरोबर आहे. त्यांनी फितीखेरीज काही कापलेले नाही. कपात सगळी कागदावर झाली. त्या विकून प्रसूतिगृहाला खाटा घ्याव्यात.

कलम तिसरे, मुलगा. साहेबांचे नाव त्याने आधीच घेतले आहे, तेव्हा ते देण्याचा प्रश्न नाही. त्याला साहेबांची भाषणे, सर्व खंड, देते. ती पुन्हा वापरता येतील. देशाची परिस्थिती तीच आहे.

कलम चौथे. माझी बँकेतली शिल्लक भाचीच्या हाताखालच्या आयांच्या पगारासाठी. माझ्या अंत्ययात्रेत ध्वनिक्षेपक नको, आणि प्रसूतिगृहाचे उद्घाटन करू नये. जिला पहिली कळ येईल, तिने दार ढकलून आत यावे.

आता भावाविषयी. त्याला या मृत्युपत्रात काही ठेवलेले नाही, याचे कारण असे. वकिलांनी सांगितले की साक्षीदाराला वाटा घेता येत नाही. मी दुकानात जाऊन त्याला विचारले, वाटा हवा की सही करशील? त्याने हातातले चाक खाली ठेवले.

"सही करतो, ताई. आजवर आमच्या वतीने सगळ्या सह्या भावोजींनीच केल्या."

आज सकाळी तो टेकडी चढून आला. दम लागला होता. मी पाणी दिले. या वेळी त्याने चपला काढल्या.

लिहून ठेवणारी : सही
साक्षीदार पहिले, औषधाच्या दुकानाचे मालक : सही
साक्षीदार दुसरे, सायकल दुरुस्तीवाले, पूर्वी गिरणी कामगार : सही, स्वच्छ अक्षरात, पूर्ण नावानिशी

स्थळ : बंगल्यातले जेवणाचे टेबल
दिनांक : मतदानाच्या आधीचा सोमवार