मॅनिफोल्डचा आठवा नट

कुकटपल्ली,
सोमवार, दुपार

प्रिय प्रणिता,

हे पत्र सावकाश वाच. तुझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, मराठी तुला अक्षरं जुळवत वाचावं लागतं. मलाही आता ते जुळवतच लिहावं लागतं, तेव्हा आपली बरोबरी झाली. काचबिंदूने उजवा डोळा तर संपलाच आहे, डावा अजून नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दाखवतो. म्हणून जाड स्केचपेन घेतलंय आणि पुठ्ठ्याला ओळीएवढी फट कापून तो कागदावर ठेवलाय. एका पानावर आठच ओळी बसतात. तुझी आई म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी नको म्हटलं. फोन केला असता, पण फोनवर मी हवापाण्याचं विचारून ठेवून देतो, हे तुला ठाऊक आहे.

तुझी गाडी पुण्याला नीट पोचली हे कळलं. पोल्युशनच्या तपासणीतही पास झाली म्हणालीस, बरं वाटलं. तू गेल्यापासून वरच्या मजल्यावरचे मुकुंदराव मला रोज जिन्यात गाठतात. आपण गाडीचं काम केलं त्या दिवशी आवाजाची तक्रार घेऊन खाली आलेला हा माणूस आता स्वतःच्या गाडीचा क्लच बघता का म्हणून विचारतो. सोसायटीचे सेक्रेटरी असल्यामुळे त्यांना नाही म्हणता येत नाही. बुधवारी बघणार आहे. म्हणजे हाताने बघणार आहे.

तू ती गाडी घेतलीस तेव्हा मी काय काय बोललो होतो, ते मला शब्दन् शब्द आठवतं. रेसला पळवलेली, दुसऱ्याने वापरून टाकलेली गाडी, मुलीला काय करायची, लग्नाचं बघायचं सोडून. तू उलट बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं. त्यानंतर वर्षभरात माझी नजर गेली, पंपाच्या कारखान्यातली एकतीस वर्षांची फिटरची नोकरी मी आपणहून सोडली आणि घरात बसलो. कुणी विचारलं तर गुडघे दुखतात सांगायचो. पाच महिने मी जिना उतरलो नव्हतो. आईला सांगितलं होतं, माझी हत्यारांची पेटी भंगारवाल्याला देऊन टाक. ती हौ म्हणाली आणि पेटी पलंगाखाली रजयांच्या गाठोड्यामागे सरकवून ठेवली. मला पत्ता नव्हता.

मग मे महिन्यात तू तीन दिवसांची रजा काढून एवढ्या उन्हाची गाडी चालवत आलीस, आणि तुझ्याआधी ते लांबलचक खोकं कुरिअरने आलं. आईने विचारलं होतं, पुण्यात गॅरेजं नाहीत होय? तू म्हणालीस, तिथे पार्किंगला जागा नाही. खोकं उघडून तू इंजिनाचा धूर बाहेर नेणारा तो नवा हेडर माझ्या मांडीवर ठेवलास. मी हात फिरवला. चार नळ्या, चारही एका लांबीच्या, वळत वळत येऊन एका तोंडाला मिळालेल्या. वेल्डिंग इतकं साफ की नखाला लागत नव्हतं. हा ज्याच्या जागी बसवायचा, त्या कंपनीच्या ओतीव मॅनिफोल्डमध्ये चार सिलिंडरांचा धूर आखूड वाटेने एकमेकांच्या अंगावर येतो. इथे प्रत्येकाला आपली स्वतंत्र वाट होती. कुणीतरी मन लावून केलेलं काम हातात आलं की काय होतं, ते मी विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला खाली नेऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलंस. नुसतं बसा म्हणालीस. बॅटरीची तार काढलीस, गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावलेस. मी म्हटलं, गाडी हलवून बघ, मगच खाली जा. तू हलवून दाखवलीस. आदल्या संध्याकाळी तेल मारून ठेवलेले जुन्या मॅनिफोल्डचे नट एकेक करत सुटत गेले. मी मोजत होतो. पहिल्या नटाचा करकर आवाज ऐकून मी खुर्चीत पुढे सरकलो होतो, तू पाहिलंस का? सात सुटले. आठवा मात्र मागे, खालच्या बाजूला, इंजिन आणि केबिनच्या पत्र्याच्या मधे होता. तू वरून हात घातलास, खालून घातलास, आरसा लावलास, टॉर्च तोंडात धरलीस. दीड तासात पाना तीनदा घसरला आणि तुझी बोटं सोलली. मला तुझा श्वास ऐकू येत होता. लहानपणी गणित अडलं की असाच यायचा. नट ज्यावर चढलेला असतो तो स्टड आतच तुटला असता तर इंजिनाचं हेड उतरवावं लागलं असतं, आणि तुझ्या रजेचा एकच दिवस उरला होता.

मग तू गाडीखालून बाहेर आलीस आणि माझ्यासमोर उकिडवी बसलीस.

"अप्पा, तिथे मलाही काही दिसत नाही," तू म्हणालीस. "कुणालाच दिसणार नाही. तुम्ही हात घाला."

प्रणिता, दोन वर्षांत माझ्याशी सगळे फार हळू आवाजात बोलत होते. डॉक्टर, कारखान्यातले, तुझी आई, माझा भाऊ. जपून, पायरी आहे, बसा तुम्ही. हात घाला असं कुणी म्हटलं नव्हतं.

मी पुठ्ठ्यावर पाठ टेकून सरकत आत गेलो. तू माझं मनगट धरून वाट दाखवलीस आणि पहिल्या वळणाला सोडून दिलंस. पुढे माझं मला सापडलं. लोखंडाचा आणि जुन्या तेलाचा वास, वरून गळणारी गंजाची भुकटी, आणि बोटांच्या टोकाला तो नट. दोन कोपरे झिजून गोल झाले होते, चार शाबूत होते. मी म्हटलं, एका नंबरने लहान, सहा कोनी सॉकेट हवं, ठोकून बसवायचं. तू म्हणालीस, माझ्याकडे सगळी बारा कोनी आहेत, ती घसरतात. तेवढ्यात बाजूला उभी असलेली तुझी आई वर गेली आणि जिन्यावर खडखडाट ऐकू आला. एक एक पायरी टेकवत ती माझी पेटी खाली आणत होती. सॉकेट कुठल्या खणात आहे हे मला विचारावं लागलं नाही. ठोकून बसवलं, लांब दांडा लावला, आणि ओढायच्या आधी नट किंचित आवळला, गंज फुटावा म्हणून. मग उलटा. कट् असा आवाज आला. एक क्षण मला वाटलं, स्टड गेला. पण दांडा हातात सारखा फिरत होता. मी खालून सांगितलं, सुटला. तू रडत होतीस, हे आईने मला नंतर सांगितलं.

पुढचं काम आपण दोघांनी मिळून केलं. जोडामधली नवी पट्टी, म्हणजे गॅस्केट, सगळे नट आधी बोटांनी चढवायचे, मग मधून बाहेर आवळत जायचं. नट पुरेसा आवळला की वाजणारी टॉर्क रेंचची टिक माझ्या कानाला तुझ्याआधी कळायची. गाडी सुरू केल्यावर पाइप तापायच्या आत मी सांध्यांवरून तळवा फिरवला, आणि मागच्या जोडावर हवेची बारीक फुंकर लागली. तुला ती ऐकू आली नव्हती. तो जोड पुन्हा आवळला. नव्या नळ्यांवरचं तेल जळून धूर झाला तेव्हा आई पाण्याची बादली घेऊन धावली. तिला अडवता अडवता आपण किती हसलो. घरात इतकं मोठ्याने मी कधी हसलो होतो, आठवत नाही. संध्याकाळी रिंग रोडवर तू गाडी मोकळी सोडलीस आणि तो आवाज भरीव होत वर चढत गेला. मागून आई म्हणत होती, आहिस्ता, बाळा, आहिस्ता. मी म्हटलं, जाऊ दे तिला.

तू मुद्दाम ती गाडी इथवर आणलीस का, हे मी विचारणार नाही. आणली असशील तर तुझे उपकार आहेत, नसशील तरी आहेत. तू गेल्यावर मी पांढरी काठी घेतली. काल एकटा मेट्रोने अमीरपेटला जाऊन आलो. काठी हातात धरून, सगळ्यांदेखत.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, हा रोग रक्ताच्या नात्यात उतरतो, तुमच्या भावाला आणि मुलीला लगेच तपासून घ्या. दुखत नाही, कळत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. पण वेळेत सापडला तर थेंबांवर थोपवता येतो. मी हो म्हटलं आणि कुणालाच सांगितलं नाही. तुझ्या आईलाही नाही. तेव्हा तुला स्थळं येत होती, लोक काय म्हणतील हे मनात होतं. पण खरं कारण तेही नाही. माझ्यामुळे तुला काही झालंय, हे मला ऐकायचं नव्हतं. माझे वडील उदगीरला शेवटी शेवटी चौकटीला धडकायचे, आम्ही म्हातारपण म्हणून सोडून दिलं. मला कुणी सावध केलं नाही, आणि तरी मी तुझ्याशी तेच केलं. तुझी दोन वर्षं मी वाया घालवली. आज सकाळी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, पत्र लिहा, मी आत्ता जाऊन स्पीड पोस्टाने टाकते. भावाला संध्याकाळी फोन करणार आहे. तू याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. डोळ्याचा दाब, मागची नस आणि बाजूची नजर, तिन्ही तपासायला सांग. सोबत हवी असेल तर नुसतं कळव, आम्ही दोघं गाडी धरून येतो. रागावशील, ते मला माहीत आहे, आणि तो तुझा हक्क आहे. पण आधी तपासून ये, मग रागव.

तुझाच,
अप्पा