मावशीचे हरवलेले ‘नाही’

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी डोकं वाकत नाही, कारण मान परिषदेच्या हॉलमधल्या गार हवेनं आखडली आहे. तेवढी सोडून बाकीची सात पोहोचती मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? माझी गादी टोचत नाही ना? आई चहात साखर कमी घालते म्हणून तू रुसली होतीस, ते मिटलं की अजून आपापल्या कपात आपापली साखर चालू आहे? फोन सोडून ही पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. मावशी, फोनवर माझ्या वाट्याला ‘हॅलो’ आणि ‘ठेवते’ एवढंच येतं, आणि ‘ठेवते’सुद्धा बहुतेक वेळा तूच म्हणतेस. आजची हकीकत मला सलग सांगायची आहे. तेव्हा चष्मा लाव, खुर्चीत नीट टेकून बस आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच आईला हाका मारू नकोस.

तू चारचौघांत माझी ओळख ‘ही कॉम्प्युटर दाबते’ अशी करून देतेस. ते तसं खोटं नाही, पण मी दाबते ती माहिती. प्रवासाची बॅग भरायच्या दोन रीती असतात बघ. तू कपड्यांच्या गुंडाळ्या करतेस, बुटांत मोजे कोंबतेस, आणि उघडल्यावर सगळं जसंच्या तसं बाहेर येतं. काका निम्मं सामान घरीच ठेवतात आणि म्हणतात, ‘लागत नाही गं.’ (मग तिथे गेल्यावर तुझा टॉवेल वापरतात.) आमच्या शास्त्रातही असे दोन पंथ आहेत. मी तुझ्या पंथातली. बोललेला आवाज लहानशा फाइलमध्ये बसवायचा, पण उघडल्यावर त्यातला हुंकारसुद्धा कमी व्हायला नको, असं माझं काम. ते मांडायला मी इथे आले. पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत माझी खुर्ची राहणार की जाणार, हे या भाषणावर ठरायचं होतं. हे मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आईला सांगितलं की तिला झोप लागत नाही आणि तुला सांगितलं की कुणालाच लागत नाही.

परिषद म्हणजे काय, तर एका विषयात बुडालेली शेकडो माणसं एका हॉलमध्ये, आणि सगळ्यांच्या गळ्यात नावाची पाटी. (माझ्या पाटीवर माझं नाव अर्धंच छापलं होतं. तक्रार केली तर काउंटरवरची बाई म्हणाली, ‘इथे आलेल्यांना ते आवडेल असं वाटलं.’) बाहेरच्या खोलीत एकाच पोपटाची चित्रं भिंतभर लावलेली. प्रत्येकानं आपापल्या युक्तीनं तो पोपट दाबलेला, आणि मोठमोठे प्राध्यापक त्याच्या मानेवरच्या हिरव्या रंगावरून हमरीतुमरीवर आलेले. एक जण तर ‘माझ्या पोपटाला डोळा आहे, तुमच्याला कुठाय?’ असं म्हणून तरातरा निघून गेला. तिथे मला पहिल्यांदा चिमटा दिसला. हे एक बडे प्राध्यापक. समोरच्याच्या कामाला चिमटे काढतात, म्हणून सगळे पाठीमागे त्यांना चिमटा म्हणतात. ते काकांच्या पंथाचे. नको ते टाकून द्या आणि सुटसुटीत व्हा, असं त्यांचं तत्त्वज्ञान. माझ्या भाषणाला ते दुसऱ्या रांगेत पाय लांब करून बसले.

भाषण बरं झालं गं. आवाज घोगरा लागला, पण बाई (म्हणजे माझ्या मार्गदर्शक, पहिल्या रांगेत होत्या) मान डोलवत होत्या. मी बातम्या देणाऱ्या एका निवेदकाचा आवाज दाबून दाखवला. फाइल अगदी चिमुकली झाली. टाळ्या पडल्या. मग चिमटा उठले.

‘तुमचा निवेदक फार थांबून थांबून बोलतो,’ ते म्हणाले. ‘तुम्ही आवाज दाबलाच नाहीत. दोन वाक्यांमधली शांतता दाबलीत. शांतता काय, कुणीही दाबेल! न थांबता बोलणाऱ्या माणसाचं काही आहे का तुमच्याकडे?’

मावशी, त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर देव आला नाही, तू आलीस. तू घर सोडून आईकडे आलीस त्या दिवशी माझ्या फोनवर ठेवलेला तुझा निरोप! रागाच्या भरात, एका दमात, स्वल्पविरामालाही जागा न देता केलेला. मान राखायचा तर पणाला तूच लागणार होतीस. मी फोन जोडला आणि सुरू केलं. भरल्या हॉलमध्ये तुझा आवाज घुमला: काकांनी दिवाणखान्यातला सोफा कसा काढून टाकला, तिथे टेबल टेनिसचं हे भलंमोठं टेबल कसं आणून ठेवलं, आणि आता पाहुण्यांनी बसायचं कुठे, जाळीवर? मागच्या रांगेतले लोक फोन खिशात ठेवून पुढे सरकले. पोपटवाले दारात येऊन उभे राहिले. ‘मला एका शब्दानं विचारलं नाही’ असं तू म्हणालीस, तेव्हा एक प्रौढ शास्त्रज्ञ बाई ‘अगदी, अगदी!’ असं मोठ्यानं म्हणाल्या आणि शेजारी बसलेल्या नवऱ्यापासून खुर्ची दूर ओढली.

मग मी तो निरोप माझ्या युक्तीनं दाबला, आणि पडद्यावर आकडा आला. फाइल मूळच्यापेक्षा मोठी झाली होती. (फोन असे निरोप आधीच दाबून पाठवतो, आणि आधीच ठासून भरलेल्या बॅगेला आणखी एक पट्टा बांधला की तिचं वजन वाढतंच. हे मला घरी कळतं. तिथे आठवलं नाही.) हॉल खो खो हसला. बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, खुर्ची तर गेलीच, आता प्रयोगशाळेतल्या स्टुलावर तरी बसू देतात का बघू.

चिमटा शांतपणे पुढे आले, आपला कॉम्प्युटर जोडला आणि तोच निरोप त्यांच्या युक्तीनं दाबला. फाइल इवलीशी झाली. पुन्हा टाळ्या. ‘ऐकवा की,’ बाई जागेवरूनच म्हणाल्या. चिमट्यांनी ऐकवलं. आवाज तुझाच, चढही तोच. पण तू वाक्याच्या शेवटी दम संपल्यामुळे ‘नाही’ अगदी हळू, गिळल्यासारखं म्हणतेस, आणि चिमट्यांच्या युक्तीला ते कचरा वाटलं. तिनं एकूण एक ‘नाही’ झाडून टाकलं होतं. त्यामुळे हॉलमध्ये तू कडाडून म्हणालीस, ‘मला एका शब्दानं विचारलं! या माणसाशी माझं एक दिवस पटलं! मला त्यांचं तोंड बघायचं! मी त्या घरात पुन्हा पाऊल टाकणार!’

मग इतका वेळ डुलक्या घेणारे अध्यक्ष जागे होऊन म्हणाले, ‘एवढं सगळं चांगलं आहे, तर बाई ओरडताहेत का?’

हॉल कोसळला, मावशी. हसणं ओसरल्यावर बाई उठल्या आणि म्हणाल्या, ‘आमची फाइल मोठी झाली, मान्य. पण त्या बाईंचा संसार आम्ही बदलला नाही.’ त्या एका वाक्यावर दिवस फिरला. अध्यक्षांनी माझं काम पुढे चालू राहावं असं तिथल्या तिथे बोलून दाखवलं, आणि संध्याकाळी बाई म्हणाल्या की खुर्चीची काळजी करू नकोस. चहाच्या वेळी खुद्द चिमटा कप घेऊन माझ्याकडे आले. मी चिमट्याच्या तयारीनं उभी. ते इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, ‘मग? गेल्या का त्या परत?’ त्यानंतर जो भेटला त्यानं तेच विचारलं. माझ्या चार वर्षांच्या कामाबद्दल एकानंही प्रश्न विचारला नाही.

तर अशी तू गाजलीस. रागावू नकोस. आईला नमस्कार, बाबांना नमस्कार, तुझ्या गुडघ्याला माझ्याकडून हलक्या हातानं तेल.

तुझीच, सात अंगांनी लीन,
भाची

ता. क. काकांना मी परिषदेची गंमत सांगायला फोन केला होता. ते म्हणाले, ‘काय बोलली ती, मलाही ऐकव.’ दाबलेल्या दोन्ही फाइली माझ्याकडे होत्या. त्यांच्या फोनमध्ये कधी जागा नसते, म्हणून जी लहान होती ती पाठवली. ती कुणाची होती हे पाठवल्यावर लक्षात आलं. त्यांनी ती पुन्हा पुन्हा ऐकली म्हणे. रविवारी सकाळी ते तुला न्यायला येताहेत. दार उघड, आणि जमलं तर पहिलं वाक्य ‘नाही’नं सुरू करू नकोस.

आणखी ता. क. सोमवारी मी घरी येतेय, आणि मानेमुळे मला जमिनीवर झोपता येणार नाही. खोली माझी आहे, हे मी केवळ माहितीसाठी लिहितेय.

आणखी एक. हे काकांनी तुला सांगू नको म्हटलं आहे. कॉलेजात तू टेबल टेनिस खेळायचीस तेव्हा ते फक्त बघायला यायचे, खेळता यायचं नाही म्हणून कधी पुढे आले नाहीत. आता निवृत्तीनंतर शिकताहेत. बॅटी दोन आणल्या आहेत. सध्या टेबलाची पलीकडची बाजू भिंतीसारखी उभी करून एकटेच खेळतात. मी विचारलं, कसं चाललंय? तर म्हणाले, ‘ती बाजू प्रत्येक चेंडू परत करते गं, पण बोलत नाही. त्यामुळे मजा येत नाही.’