हातभर वर्तुळ

उतरल्याचा तेविसावा दिवस

ती. बाबांना,

नमस्कार. साष्टांग घालायला या खोलीत जागा नाही, तेव्हा उभ्याउभ्याच गोड मानून घ्या. सहा वर्षांनी लिहितेय म्हणून दचकू नका, आजारी वगैरे नाही. परतल्यावर आम्हाला काही आठवडे वेगळं ठेवतात, म्हणून यानातून प्रत्येकाला घरच्यांसाठी एक बंद पाकीट आधी पाठवता येतं, आणि पाकिटावर कुणाचं तरी नाव घालावं लागतं. मी बराच वेळ पेन धरून बसले होते. दुसरं नाव सुचलं नाही.

इथे आम्ही चौघं आहोत. तुकडीचा प्रमुख, ज्याला आम्ही मुकादम म्हणतो, कारण तो माणसाकडे न बघता घड्याळाकडे बघून बोलतो. नमुने तपासणाऱ्या बाई, वयाने सगळ्यांत मोठ्या आणि बोलायला सगळ्यांत कमी. यंत्रं सांभाळणारा फिटर, जो झोपेतसुद्धा गप्प बसत नाही. आणि खणणारी मी. काम तसं सोपं आहे. जमिनीला भोक पाडायचं, नळीभर माती वर काढायची, बाईंच्या हातात द्यायची, बाईंनी "काही नाही" म्हणायचं, की पुढचं भोक. शेवटी 'हा ग्रह निर्जीव आहे' अशा दाखल्यावर चौघांनी सह्या करायच्या आणि घरी यायचं. दाखला मिळाला की मोठी यानं येतील, मैलोन् मैल जमीन तापवून खालचा बर्फ वितळवतील आणि वस्ती उभी राहील.

नळी जमिनीत घालण्याआधी अर्धा तास भट्टीत भाजावी लागते, म्हणजे आपल्याकडचे जंतू खाली जात नाहीत. मग ती गार होईपर्यंत थांबायचं. फिटर म्हणतो, "ताई, लोक तान्ह्या बाळाच्या बाटलीची एवढी काळजी घेत नाहीत!"

निर्जीव म्हणजे किती, ते सांगते. हवा नाही, म्हणून वारा नाही, आवाज नाही. पिठासारखी मऊ राखाडी माती नजर पोचेल तिथवर पसरलेली. बाहेर उभं राहिलं की स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो, आणि थोड्या वेळाने त्याचाही कंटाळा येतो.

एकच गोष्ट मला खटकते. वारा नसला तर पायाचे ठसे लाखो वर्षं जसेच्या तसे राहायला हवेत. उतरल्याबरोबर मी हौसेने एक पाय जोरात रोवून ठसा उमटवला होता. काल सहज बघायला गेले तर तो नव्हता. पुसट झाला होता असं नाही, नव्हताच. मुकादमाला सांगितलं, तर म्हणाला, "जनरेटरच्या हादऱ्याने माती बसते. तू भोकं मोज, पाय मोजू नकोस."

म्हणून भोकं मोजतेय. आज ब्याण्णव झाली. तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की नाही ते मी निघेपर्यंत मावशीने कळवलं नव्हतं. झालं नसेल तर अंगावर काढू नका.

आपली,
मुलगी


उतरल्याचा एकावन्नावा दिवस

बाबा,

मागचं पत्र फाडायला घेतलं होतं. मग म्हटलं, राहू दे. त्यात मी एक खोटं लिहिलंय, ते तुम्हाला माझ्याच अक्षरात दिसायला हवं.

क्रमाने सांगते, नाहीतर माझाच धीर होणार नाही. ठशांनी माझी पाठ सोडली नाही. मी जेवणाच्या कप्प्यातला एक चमचा उचलला आणि जाईन तिथे जमिनीवर रेघा मारत सुटले. फिटरने मला ठार वेडी ठरवलं. जनरेटरपासून दोन तास चालावं लागेल एवढ्या लांबही मारल्या. तिथे कसला आलाय हादरा? आठव्या-नवव्या दिवशी रेघा गायब. अंथरुणावरची चादर कुणी हाताने सारखी करावी, तशी जमीन सपाट. फिटरला नेऊन दाखवलं. त्याने चारी बाजूंना वळून पाहिलं. मग म्हणाला, "ताई, चला इथून. मला कुणीतरी बघतंय असं वाटतंय."

परवा मी जुन्या भोकांपाशी फेरी मारायला गेले आणि जागच्या जागी थबकले. भोकाच्या चहूबाजूंनी हातभर अंतरात माझ्या बुटांचे ठसे, चमच्याच्या रेघा, सांडलेल्या मातीचे ढीग, सगळं शाबूत होतं. त्याच्या बाहेर सगळं सपाट. वेगवेगळी चौदा भोकं पाहिली. प्रत्येकाभोवती तेच वर्तुळ, आखून काढल्यासारखं.

या मातीत काहीतरी आहे, बाबा. त्याला खुणा खपत नाहीत, ते त्या भरून काढतं. आणि जिथे जिथे मी नळी घातली, तिथे तिथे ते मेलंय.

आता खोट्याचं. 'गार होईपर्यंत थांबायचं' असं मी मागच्या पत्रात लिहिलंय ना? ते नियमात आहे. मी थांबले नाही. इथे हवा नसल्यामुळे भाजलेली नळी जमिनीइतकी गार व्हायला सहा तास लागतात. नळी एकच, कारण दुसरी उतरतानाच वाकली. म्हणजे दिवसाला दोन भोकं. मुकादमाला हवी होती पाच. पहिल्याच भोकाच्या वेळी तो म्हणाला, "चाळीस मिनिटं पुष्कळ झाली. हाताला चटका बसतो का? नाही ना?" मी हातमोज्यातून नळी चाचपून पाहिली. चटका बसला नाही. इतक्या जाड हातमोज्यातून निखारा धरला असता तरी बसला नसता, आणि हे मला त्या क्षणीही माहीत होतं. तरी नळी खाली घातली. वर तक्त्यात 'नळी नियमाप्रमाणे गार केली' या ओळीपुढे सही ठोकली. दोनशे बारा भोकं आणि दोनशे बारा सह्या. ही जमीन इतकी थंड आहे की तिच्या दृष्टीने मी तिच्या अंगात रोज उकळतं पाणीच ओतत होते. आणि तीच उकडलेली माती बाईंच्या हातात देऊन विचारत होते, बघा हो, यात काही जिवंत आहे का?

हसताय ना? हसा. तुमचा हक्क आहे.

सहा वर्षांपूर्वी जेवताना तुम्ही मला सांगितलंत की कारखान्याच्या बॉयलरच्या सांध्यातून तुम्हाला टकटक ऐकू आली होती. तरी तपासनीस म्हणून तुम्ही 'ठीक आहे' अशी सही केलीत, कारण सगळे दारात खोळंबले होते. एकोणिसाव्या दिवशी बॉयलर फुटला आणि एक माणूस गेला. चौकशीत तुम्ही म्हणालात, "मला काहीही ऐकू आलं नव्हतं." मी तुम्हाला नाही नाही ते बोलले आणि बॅग भरून निघून आले. आवाज ऐकल्यावर माणूस सही करूच कसा शकतो, हेच मी प्रत्येक वाक्यात विचारत होते. आता मला कळलंय. अगदी सहज करतो. एका हातात चहाचा कप धरून करतो. संध्याकाळी त्याला भूकही नेहमीसारखी लागते.

पण गैरसमज नको. तुम्ही केलंत ते मी माफ केलेलं नाही. मी केलं तेही करणार नाही.

वर्तुळं सापडली त्याच दिवशी मी कुणालाही न विचारता एक भोक पाडलं. नळी भाजली आणि सहाऐवजी बारा तास थांबले. मुकादम कानात ओरडत होता. ओरडू दिलं. माती वर आली. बाईंनी ती थाळीत पसरली, वर सुईने केसाएवढी बारीक फुली मारली आणि थाळी थंड कपाटात ठेवली. आज सकाळी कपाट उघडलं तर फुली नव्हती. बाईंनी थाळी दिव्याखाली धरून फिरवून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "तीस वर्षं मातीच बघतेय मी. माती असं करत नाही गं."

मुकादमाला बोलावलं. त्याने थाळी पाहिली, मग घड्याळ पाहिलं.

"दोनशे बारा नमुने एकीकडे आणि ही एक थाळी एकीकडे. नऊ दिवसांनी यान निघतंय. दाखल्यावर सही कर आणि मोकळी हो."

"ते दोनशे बारा मी मारलेत. तुम्ही सांगितलंत आणि मी केलं."

"आवाज खाली. तुझ्या सह्या आहेत त्यावर, माझ्या नाहीत."

"म्हणूनच सांगतेय. ही एक होणार नाही."

"सही न करणाऱ्याचं काय होतं, तो नियम वाचलायस?"

"वाचलाय."

"पुन्हा एकदा वाच," म्हणाला, आणि निघून गेला.

काय होतं ते तुम्हाला सावकाश लिहीन. आत्ता मला नळी भाजायची आहे.


उतरल्याचा साठावा दिवस

बाबा,

यान तासाभरात निघतंय. आता आडवळण घ्यायला वेळ नाही. हे पत्र घेऊन येणाऱ्या यानात मी नाही.

नियम असा आहे: जो हरकत घेईल त्याने पुराव्यापाशी थांबायचं, पुढचं यान येईपर्यंत. चौदा महिने. आजवर कुणी थांबलेलं नाही. नियम करणाऱ्यांनाही कुणी थांबेल असं वाटलं नसावं. दार सताड उघडं ठेवायचं आणि उंबऱ्यात खड्डा खणायचा, असला तो प्रकार आहे. मला उडी मारायची नव्हती, मी सरळ खड्ड्यातच राहायला आलेय.

मी लेखी दिलंय की तक्त्यातल्या दोनशे बारा सह्या खोट्या आहेत, त्या माझ्या आहेत आणि दाखल्यावर माझी सही नाही. मुकादमाने खाली शेरा मारलाय, 'खणणारीच्या मनावर एकांताचा परिणाम झालेला दिसतो.' म्हणून मला आणखी चौदा महिने एकांतात ठेवतायत. आहे की नाही शहाणपण?

फिटरने सही केली. त्याची मुलगी चालायला लागलीय आणि त्याने तिला अजून मांडीवरसुद्धा घेतलेलं नाही, त्याला मी काय बोलू? सही करून आला, पंप खोलून पुन्हा बसवला आणि तीनदा माझ्याकडून तोच खोलून बसवून घेतला. "ताई, चुकलात तर मी चौदा महिन्यांनी येऊन ओरडणार," म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला. बाईंनीही सही केली, पण नावापुढे लिहिलं, 'शेवटचा नमुना वेगळा आहे.' त्यांना तेवढंच जमलं. ते थोडं नाही.

भीती वाटते. वाटत नाही असं लिहून तुमच्यापुढे शौर्य मिरवणार नाही. काल बाहेर उभी होते तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की यान गेल्यावर या अख्ख्या ग्रहावर मी आणि ते, एवढेच उरणार. मी त्याची किती माणसं मारली, आणि त्यांना माणसं म्हणायचं की नाही, हेसुद्धा मला माहीत नाही. ते मला काय करेल हेही माहीत नाही. आतापर्यंत त्याने फक्त माझे ठसे पुसलेत. मी दिवसाला दोन भोकं पाडणार आहे, गार नळीने, आणि तक्त्यात खरं तेच लिहिणार आहे. मुकादमाला पाच हवी असतील तर त्याने इथे राहून पाडावीत.

आता कामाचं. पाच महिन्यांनी तिकडे समिती बसेल. हरकत घेणारा हजर नसला तर त्याच्या वतीने एका माणसाला बोलता येतं. त्या रकान्यात मी तुमचं नाव लिहिलंय. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात.

समिती मातीबद्दल फारसं विचारणार नाही, ते बाई सांगतील. ते तुम्हाला एवढंच विचारतील की सगळं चुकत होतं तर तुमच्या मुलीने दोनशे बारा वेळा सही केलीच कशी? मग ती तेव्हा खोटं बोलली की आता बोलतेय? या प्रश्नाचं उत्तर देऊ शकेल असा मला एकच माणूस माहीत आहे. तुम्ही उभे राहा आणि सांगा की सही कशी होते. बॉयलर, सांध्यातला आवाज, दारात खोळंबलेली माणसं, सगळं सांगा. सगळ्यांसमोर म्हणा, मला ऐकू आलं होतं. तुमचं नाव खराब होईल. होऊ दे. माझं मी स्वतःच्या हाताने केलंय आणि दोन दिवसांत सवय झाली.

तुम्ही गप्प बसलात तर दाखला माझ्याशिवाय मंजूर होईल. मग चौदा महिन्यांनी येणारी यानं मला न्यायला येणार नाहीत, जमीन तापवायला येतील. आणि मी त्यांच्या वाटेत उभी असेन. हे धमकी म्हणून लिहीत नाही. मी कुठे असेन ते बापाला ठाऊक असावं, म्हणून लिहितेय.

फिटर पाकिटासाठी हात पुढे करून उभा आहे. बॉयलर फुटून जो माणूस गेला, त्याच्या घरचं कुणी ऐकायला आलं असेल, तर समितीशी नंतर बोला. आधी त्यांच्याकडे बघून बोला.

तुमचीच,
धाकटी